सांगलीहून आणलेले टेलिफोन

सातारा,
ऑक्टोबर १९९९

प्रिय आक्का,

तुझं पत्र पोचलं. अपेक्षाचा ताप उतरला हे वाचून बरं वाटलं. भाऊबीजेला येतेस आणि जाताना आईला कुंडलला तुझ्या घरी घेऊन जातेस, असं तू लिहिलं आहेस. उत्तर लगेच लिहायला हवं होतं. लिहायला बसलो आणि उठलो, असं बऱ्याचदा झालं.

आधी कामाचं सांगतो. मार्चमध्ये आमच्या बेदाण्याच्या कंपनीत नवे टेलिफोन आले. मालकांचा मुलगा सौमित्र अमेरिकेत शिकून आला आहे, त्याची ती हौस. हे फोन संगणकाच्या तारेवर चालतात. सांगलीची आणि साताऱ्याची कचेरी एका भाड्याच्या लाइननं जोडलेली आहे, तिच्यावरूनच आता बोलायचं. पण अशा प्रत्येक फोनला स्वतःचा पत्ता लागतो. चार आकडे, मध्ये टिंबं. शिवाय बाहेर बोलायचं तर कुठल्या दारानं जायचं, त्या दाराचाही पत्ता सांगावा लागतो. हे आपोआप करणारं यंत्र यायचं होतं, ते आलं नाही. मग मी हातानंच करायला बसलो. आकडे दाबायचे, टिंबासाठी चांदणीचं बटण दाबायचं. साताऱ्याचे सगळे फोन मी सांगलीतच टेबलावर मांडून तयार केले. एकमेकांना लावून बघितले. सगळे बोलले. बेदाण्याच्या खोक्यांत भरून जीपमधून इथं आणले, भिंतीतल्या तारांना जोडले, तर एकही बोलेना. इथले मॅनेजर नानासो म्हणाले, गड्या, तुझ्या फोनांना गाडी लागली. सगळे हसले. मी तारा बदलल्या, फोन बदलून पाहिले. दुपारी एका फोनच्या छोट्या पडद्याकडं नीट पाहिलं. त्याच्यावर सांगलीचा पत्ता होता. मीच घातलेला. दारही सांगलीचं. साताऱ्यात बसून ते सगळे सांगलीचं दार शोधत होते. मग एकेका टेबलाशी बसून पुन्हा घातलं. नवा पत्ता घातला की जुना पुसला जातो. एका फोनला दोन ठेवता येत नाहीत.

संध्याकाळी आईला हे सांगितलं. आबांना जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते, आणि तिला साताऱ्याला आणून त्याहून थोडे कमी. ती मोठ्यानं हसली. म्हणाली, "शाणं हायती की रं तुजं फोन. जीपीत बसलं म्हणून कोण गाव सोडतंय व्हय?"

ती इथं आल्यानंतर मी तिला एवढं हसताना पहिल्यांदा पाहिलं. म्हणून हे तुला लिहून ठेवतो आहे.

त्यानंतर आठवड्याभरात ती हरवली, ते तुला माहीत आहे. काय झालं होतं ते मात्र मी तेव्हा पुरतं सांगितलं नव्हतं. मी कचेरीत होतो. ती जिना उतरली आणि चालत स्टँडपर्यंत गेली. तिथं एका रिक्षावाल्याला तिनं गावाकडचं, आबांचं घर सांगितलं, "बिरोबाच्या देवळाच्या उगवतीला, लिंबाखाली, धुळाचं घर. कुणालाबी इचार." त्यानं खरंच विचारलं. साताऱ्यातली देवळं हिंडवली. लिंबाचं झाड दिसलं की रिक्षा थांबवायचा, आणि ती मान हलवायची. भाजीला गेलेल्या खालच्या काकूंनी तिला ओळखलं, म्हणून ती घरी आली. रिक्षावाला मला म्हणाला, "आजी लय ठाम हायती साहेब. मलाच वाटाय लागलं, माजंच गाव चुकलंय."

दुसऱ्या दिवसापासून मी तिला पत्ता शिकवायला लागलो. सकाळी चहाबरोबर. गोडोली. पाण्याच्या टाकीमागं. दुसरा मजला. बिरदेवचं घर. ती आधी चिडायची. "या वयात शाळंत घालतोस व्हय मला?" म्हणायची. तुला आठवत असेल, बाजारातून आणलेली मेंढी जुन्या वाटेला पळायची, म्हणून आबा तिला कळपातल्या एका म्हाताऱ्या मेंढीशी बांधून ठेवायचे. एक दिवस आई म्हणाली, "म्हातारी मेंढी न्हाई रं तुज्याकडं. कुनासंगं बांदशील मला?" मी म्हटलं, माझ्यासंगं. मग तिनं मनावर घेतलं. पावसाळा लागेपर्यंत तिचं पाठ झालं. दूधवाल्याला सांगायची, कोथिंबीर घेताना सांगायची, कुणी विचारलेलं नसलं तरी सांगायची. मी तुला कार्ड टाकलं, आई रुळली. तूही लिहिलंस, बरं केलंस. गावाकडचं बोलणं कमी झालं. आबांचंही. दुःख उतरत असेल असं मला वाटलं. तुलाही तसंच वाटलं असतं.

आबांच्या वर्षश्राद्धाला अपेक्षाच्या तापामुळं तू येऊ शकली नाहीस. मी तुला कळवलं, सगळं नीट पार पडलं. ते खरं आहे. स्वयंपाक चांगला झाला, माणसं आली. जे लिहिलं नाही ते हे. एसटीतून उतरून आम्ही गावाकडच्या घराशी आलो. नाथाजीकाका दारात उभे होते. त्यांनी थट्टेनं विचारलं, "काय रंगावैनी, वळखलं का घर?" आईनं डोक्यावर पदर ओढला, परक्या माणसासमोर ओढते तसा. आणि सावकाश, एकही शब्द न चुकता म्हणाली, "गोडोली. पाण्याच्या टाकीमागं. दुसरा मजला. बिरदेवचं घर." काका हसले. त्यांना वाटलं, म्हातारी शहरी झाली. मग ती त्यांना म्हणाली, "लांब ऱ्हायलं का वं? येवढं सोडता का आमाला?" काका हसायचे थांबले.

मी हात धरून तिला आत नेलं. उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून बसली. पाहुणी बसते तशी, चपला जवळ ठेवून. आबांचं पान वाढलं, तेव्हा तिनं मला हळूच विचारलं, "कुनाचं हाय रं हे?" मी म्हटलं, आबांचं. तिनं पानाकडं पाहिलं. सगळ्या माणसांकडं पाहिलं. म्हणाली, "लोकं लय जमल्याती. चांगला मानूस असंल."

डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, हा आजारच असा आहे, शिकवलंत म्हणून काही झालेलं नाही. असेल. मी सकाळचं शिकवणं बंद केलं. ती आता आपणहून म्हणते, चहा पुढं ठेवला की.

परवा तिला तुझं नाव घेऊन सांगितलं, हरणा येणार आहे. "येऊ दे की," म्हणाली. कोण हरणा, ते तिनं विचारलं नाही. म्हणून हे पत्र. दरवेळी तू मागून येऊन तिचे डोळे झाकतेस आणि वळख बघू म्हणतेस. या खेपेला झाकू नकोस. समोरून ये आणि आधी नाव सांग. मग चहा कर. आणि आक्का, तिला कुंडलला नेऊ नकोस. तूच राहा इथं, जमेल तितके दिवस. तिथं नेलंस तर कधीतरी ती घराबाहेर पडेल, आणि मग तुलाही तिला शिकवावं लागेल. ती मला ओळखते की शिकवलेलं म्हणते, हे आता मला सांगता येत नाही. पण तिच्याजवळ तो एकच पत्ता उरला आहे, आणि त्यात माझं नाव आहे.

तुझाच,
बिरू