टेबलावरची पानगळ

११ जानेवारी
नानाच्या विलासने पुण्याहून पाकीट पाठवलं. मॉडेल रेल्वेवाल्यांसाठी तयार 'पानगळ' ऑनलाइन मिळते म्हणे. उघडलं तर लाल, नारिंगी, डाळिंबी भुगा. विलायतेतली पानगळ. तरी हौसेने दोन झाडांना चिकटवला आणि नानाच्या टेबलावरच्या छोट्या रेल्वेत शेंदुर्णी स्टेशनच्या मागे ती झाडं उभी केली.
नानाने चष्मा कपाळावर चढवला. "हाई काय, रंगपंचमी शे का?"
थोरल्या भावाला उलट बोलायचं नाही, ही सवय साठी उलटली तरी जात नाही. झाडं काढून टाकली.

१३ जाने.
जन्मभर पोरांना ड्रॉइंग शिकवलं आणि एक निंब, साधा कडुनिंब, जमत नाही.
बाकी सगळं झालंय. रूळ, पूल, स्टेशनची पाटी, नानाने पत्रा कापून केलेलं इंजिन, मागे दोन डबे. पाचोरा-जामनेर छोटी गाडी त्याने रिटायर होईपर्यंत चालवली. आता ती गाडीही नाही. हट्ट मात्र पानगळीचाच. का, तर पानं झडली की इंजिनातून वळणापलीकडचं आमचं शेत दिसायचं. वहिनी बांधावर असली तर तीही. हे त्याने एकदाच सांगितलं. पुन्हा विचारलं तर, "तू झाडे कर."

१८ जाने.
निंबाची खरीच पानं वाळवून मिक्सरमधून काढली. भुगा झाला चहाच्या चोथ्याच्या रंगाचा. तो फेकला. वर मिरचीचा ठेचा कडूजहर, कारण भांडं नीट धुतलं नव्हतं. सुमन म्हणाली, "आता भाकरीबरोबर तुमचा निंबच खा." दिवसभर अबोला. नानाकडे जेवायला गेलो तर त्याने स्वतः केलेली खिचडी, खाली लागलेली. वहिनी गेल्यापासून हेच खातो.

२४ जाने.
वखारीतून लाकडाचा भुसा आणला. पिठाच्या चाळणीने चाळला (सुमनला माहीत नाही). हळदीच्या पाण्यात भिजवून गच्चीवर वाळवला. काय रंग आलाय! नाना चिमूट हातात घेऊन म्हणाला, "मांडीसन देख." मांडून बघ, त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

२६ जाने.
सत्यानाश.
गोंद पातळ करून शिंपडला तर भुशावर थेंब तसेच बसून राहतात, आत मुरत नाहीत. म्हणून त्यात थोडं कपड्याच्या साबणाचं पाणी घालायचं. घातलं. शिंपडलं. डोळ्यांदेखत सगळे निंब लाल! हळदीला साबण! वरणाचा डाग धुताना लाल होतो, हे काय मला कुणी सांगायला हवं होतं? सबंध शेंदुर्णीवर कुणी कुंकू उधळल्यासारखं दिसतंय.
नाना हसत सुटला, पार ठसका लागेपर्यंत. "आते बठ्ठं परत करनं पडी." सगळं परत करायचं, यात या माणसाला एवढा आनंद कसला होतो?

२ फेब्रुवारी
जळगावला जाऊन पिवडी आणि गेरू आणला, पूर्वी भिंतींना लावायचो तोच. पिवडीत नखभर गेरू. रंग जमला. साबण लावूनही बघितला, हलत नाही. मोठ्या ऐटीत टेबलावर मांडलं.
नाना: "खाले पडेल पाने कोठे शेतस?"
बरोबर आहे. झाडं पिवळी आणि जमीन झाडल्यासारखी स्वच्छ. डोकं फिरलं ते तो बरोबर होता म्हणूनच.

५ फेब्रु.
खाली पानं पसरली. आता म्हणतो वाऱ्याने ती एका बाजूला गोळा झालेली पाहिजेत, रुळांच्या कडेला. सगळी खरवडून काढली. कंबर धरली. सुमनने शेकायला पिशवी दिली आणि म्हणाली, "तुम्ही दोघं म्हातारे कुणाची परीक्षा देताय?"

९ फेब्रु.
विलासचा फोन. दिवाळीत नाना न्हाणीत पडला, तेव्हापासून पोरगा घाबरलेला आहे. "काका, पुढच्या आठवड्यातच नानांना कायमचं पुण्याला आणायचं ठरलंय. पण ते म्हणतात, बापूचं काम अर्धं आहे, त्याला सोडून कसं येऊ? किती राहिलंय तुमचं?"
माझं काम! हा टेबलाशेजारी खुर्ची टाकून चुका काढणार आणि नाव माझं! तिरीमिरीत गेलो. आज ऐकवणारच होतो.
तो इंजिनाला तेल देत होता. "विलासना फोन व्हता ना?"
"हो. कधी संपणार, विचारतोय."
"घाई कसानी शे?" वर बघितलं नाही त्याने.
तिथेच माझा सगळा राग बसला. याला जायचं नाही. मुलाला नाही म्हणवत नाही, म्हणून झाडं नापास. आणि मी मूर्ख, रंग सुधारत बसलोय.
विलासला उलट फोन करून सांगितलं, गोंद वाळायला वेळ लागतो रे.

१५ फेब्रु.
आम्ही दोघं यावर बोलत नाही. मी एक झाड लावतो, तो एक खोड काढतो. काल तर मीच म्हणालो, हा पूल परत रंगवू. तो खूश. चहा झाला. इंजिन चार चकरा फिरलं.
पण चीड येते, कुणाची ते कळत नाही. विलास काही वाईट नाही. बाप इथे एकटा, त्याला तिकडे झोप कशी लागत असेल? आणि मी त्याला गोंदाच्या थापा मारतोय.

२३ फेब्रु.
नानाला चक्कर आली. उंबऱ्यात बसलेला सापडला, घामाने निथळत होता. म्हणे, "काही नही, ऊन लागनं." डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, यांना एकटं ठेवू नका.
सुमन लगेच म्हणाली, नाना, आमच्याकडे या, चार घरं तर सोडून आहे. नाना म्हणाला, "पोऱ्या शे तरी भाऊना घर ऱ्हाऊ? लोके काय म्हनतीन?" लोक गेले खड्ड्यात, असं म्हणालो. पहिल्यांदा उलट बोललो. त्याने तोंड फिरवलं.
त्या झाडांपायी तो इथे राहिला, आणि ती मीच लांबवली. पडला असता तर?

१ मार्च
ठरवलं, आता टंगळमंगळ नाही. दारातला निंब खरा झडायला लागलाय. पान आणून टेबलावर ठेवतो, रंग मिळवतो, पुन्हा ठेवतो. असं मन लावून काम मी शाळेतही केलं नसेल. रागातच करतोय सगळं. नाना खुर्चीत बसून बघत असतो.

६ मार्च
झालं. वळणावरचे निंब जवळजवळ उघडे, पानं रुळांच्या कडेला एका बाजूला लोटलेली, फांद्यांतून पलीकडचं शेत दिसतंय. बांधावर एक बाई केली, काडीएवढी, हिरव्या लुगड्यातली. त्याला सांगितलं नाही.

७ मार्च
नानाने गाडी सोडली. वाकून, इंजिनाच्या उंचीला डोळे आणून बघत होता. वळणावर थांबवली. बोट बांधापर्यंत नेलं, टेकवलं नाही. मी उभा, आता काय खोड काढतो म्हणून. काढ ना, एखादी तरी काढ.
"बठ्ठं बराबर शे," म्हणाला. "आते हात नको लावू."
दोन महिने हेच ऐकायला जीव टाकत होतो. ऐकलं आणि असं वाटलं की टेबल उचलून उलथं करावं. मी म्हणालो, "निंब जरा जास्त पिवळा झालाय, नाना."
"नही. निंब असाच ऱ्हास."
"पुलाची बाजू अजून..."
"बापू." एवढंच म्हणाला. मग धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि विचारलं, "पुनामा निंब ऱ्हास का रे?"
असतो म्हटलं. मला ठाऊक नाही. पुण्यात मी झाडांकडे कधी बघितलंच नाही.

८ मार्च
सकाळी त्याच्याकडेच होतो. विलासचा फोन आला. नाना थोडं बोलला, हो, हो, आणि फोन माझ्या हातात दिला.
"काका, नाना म्हणतात, बापूलाच विचार. झालं का मग काम?"
नाना माझ्याकडे बघत होता. टेबलाकडे नाही, माझ्याकडे. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर काहीतरी सोडलंय त्याने, आणि तेही हे.
संध्याकाळी सांगतो, म्हटलं विलासला.
संध्याकाळ झाली. सुमनने दोनदा विचारलं. फोन केलेला नाही.