मुठीच्या कागदावर सही

१२ ऑगस्ट १९८४, रविवार

ठण्ण! शाळेच्या लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. सकाळपासून तोच कानात. तो वाजला की माझा चौथीचा वर्ग चिमणीची कविता एका सुरात म्हणायचा, आणि मालन सगळ्यांच्या एक ओळ पुढे. तीच मालन आज विहारात समोर बसली होती. नवरा गेलेली, दोन लेकरांची आई.

यंदाची मूठ तिला. वस्तीत घरोघरी दळणातली मूठभर ज्वारी बाजूला पडते, त्यातून दरसाल एका बाईची दहावी. बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म, पुस्तकं, सगळं. पास झाली तर मालन बालवाडीवर लागेल. नाहीतर खुरपणं आहेच. आनंद व्हायला हवा होता. आमची ही गेल्यापासून आत काही हलत नाही.

संमतीच्या कागदावर घरच्या वडीलधाऱ्याची सही लागते. अंगठा नाही. नामांतराच्या जाळपोळीच्या पुढच्या साली मूठ सुरू झाली, तेव्हा हा नियम मीच केला. मोठं भाषण ठोकलं होतं. मुठीचा कारभार बघणाऱ्या भगवानरावांनी मालनच्या सासूपुढे, सरजाबाईपुढे कागद धरला. तिने कागदाकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे.

"न्हाई जमायचं. लेकरं कोन सांबाळंल?"

उठून गेलीच.

१३ ऑगस्ट

मालन येऊन गेली. "गुरुजी, परवापस्तोर आत्याच म्हनायल्या व्हत्या, शीक म्हनून." सासूला ती आत्या म्हणते. मी विचारलं, चिमणीची कविता आठवते का? ती ओठ दाबून गेली.

चहा गार झाला. तसाच प्यायलो.

१४ ऑगस्ट

विहारात मुठीच्या मंडळाची बैठक. भगवानराव रेल्वेत पॉइंट्समन होते. म्हणाले, "सिग्नल दिल्याव गाडी तरी हालती, गुरुजी. ही म्हातारी न्हाई." चांगुणाबाई म्हणाली, "सून शिकल्याव भाकरी कोन थापंल, हे दुखनं हाय तिचं." सगळे हसले. शनिवारी फॉर्मची शेवटची तारीख. उद्यापर्यंत वाट बघायची, मग दुसरं नाव घालायचं, असं ठरलं. मी हो म्हणालो.

१५ ऑगस्ट

झेंड्याला गेलो. लाडू खिशातच राहिला. सरजाबाईकडून निरोप नाही.

१६ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी दार वाजलं. भगवानराव असतील, दुसरं नाव घेऊन, असं वाटलं. सरजाबाई. माझ्या दारात ती आजवर कधी आलेली नाही. पदराखाली नातवाची पाटी.

"मालनला कळू देऊ नका, गुरुजी. एवढ्या मानसांत कसं सांगू, मला लिवता येत न्हाई म्हनून?"

आत ये म्हटलं तरी उंबऱ्याशीच बसली. पाटी पदराने पुसली, माझ्यापुढे केली.

"शनवारपस्तोर येईल का? माजं नाव लिवायला लय मोठं हाय का?"