तळ्याकाठचा आडोसा

रविवार, दिवेलागण, गारगोटी

अजून हसू आवरत नाही. डोंगराकडच्या आपल्या तळ्यावर सांबर पाणी प्यायला येतं, असं धाकटा भाऊ धनाजी उन्हाळाभर सांगतोय आणि गाव त्याची टिंगल करतंय. म्हणून आज मी कॅमेरा घेऊन कोल्हापूरहून आले. फोटो दाखवला की गावाचं तोंड बंद! दुपारी दोघांनी काठाला बांबू रोवले आणि लपायला उसाचं हिरवंगार वाडं बांधलं. वाडं! शेतकऱ्याची पोरं आम्ही, तरी जनावरापासून लपायला वैरण बांधली. सुचलं कसं नाही?

उन्हं कलल्यावर सांबर खरंच आलं. पाणी प्यालं, मान वर केली आणि सरळ येऊन आमचा आडोसाच खायला लागलं. करकर, करकर. बघता बघता भोक पडलं आणि त्यातून ओलं, काळं नाक आत! माझ्यापासून हातभर लांब. मी दचकून बटण दाबलं, तसं ते उधळलं.

फोटोत नुसतं ते नाक आलंय.

"धना, गाव म्हणणार, म्हशीचं हाय."

"म्हणू दे की, आक्का," हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं. "पावणं जेवून गेलं न्हवं!"