उसवलेली वाकळ

कोपरखैरणे, नवी मुंबई
१८ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. मीनावहिनी यांस,
शि. सा. न. वि. वि.

दिवाळी करून इकडे आले आणि पत्राचं आज-उद्या करत राहिले, त्याबद्दल आधी कान धरते. फोनवर माझा आवाज आला की आई बावरते, ह्या पेटीत कोण बाई बोलते म्हणून तुम्हालाच विचारते, आणि पत्र मात्र मन लावून ऐकते, असं तुम्ही सांगितलंत. तेव्हा आता मी पत्रच लिहिणार. तुम्ही मोठ्यानं वाचा. माझं अक्षर लागलं नाही तर मनचं घाला, पण मला आईसमोर शहाणी ठेवा.

इकडे सगळे ठीक. तुमचा भाचा धनेश न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डात चिकटला आहे, कधी दिवसपाळी कधी रात्रपाळी. हे पहाटे मार्केटला जातात आणि दुपारी जेवून आडवे होतात. पूर्वी मी त्या वेळात टीव्ही लावून बसायचे आणि संध्याकाळी उगाच चिडलेली असायचे. आता नाही. आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये दर बुधवारी सात-आठ बायका गोधड्या शिवायला जमतो. सोनल पाटील म्हणून इथल्या जुन्या गावातली सून आहे, ती शिकवते. आपली वाकळ, पण तिथं तिला क्विल्ट म्हणायचं. फूटपट्टी, चॉकच्या रेघा, कापड कापायला चकतीची सुरी, सगळा थाट आहे.

वहिनी, मला ह्याचं वेड लागलंय. एका चौकोनाचा कोपरा दुसऱ्याच्या कोपऱ्याला नेमका भिडला की इतकं बरं वाटतं की मी एकटीच हसते. भाजी फोडणीला टाकताना मनात निळ्याशेजारी पिवळं ठेवून बघत असते. ह्यांचे दोन शर्ट कपाटातून नाहीसे झालेत, ते अजून शोधतायत. बसमध्ये पुढच्या बाईची साडी दिसली की तिचे किती चौकोन निघतील तेच डोक्यात येतं. इतक्या वर्षांनी माझं म्हणून काही आहे, असं वाटतं.

आईची अर्धी राहिलेली वाकळ मी तुमच्याकडून हट्टानं मागून आणली, तिचं काम सुरू केलं आहे. तुम्ही राहू दे म्हणत होता. पण अहो, अर्ध्या शिवलेल्या वाकळीत ती किती दिवस झोपणार? बुधवारी क्लबहाउसमध्येही नेली होती, आईनं लावलेल्या रंगांचं सगळ्यांनी कौतुक केलं. टाके मात्र फार वाकडेतिकडे गेलेत, एका ओळीचं दुसरीशी पटत नाही. ते सगळे उसवते आणि रेघा आखून पुन्हा घालते. थंडी पडायच्या आत, गावाकडून मार्केटला भाजी आणणाऱ्या बंडूच्या टेम्पोतून पाठवीन. आई ओळखणार नाही इतकी छान करते बघा.

दादांना नमस्कार. आईच्या पायांवर डोकं ठेवते. लोभ आहे तो वाढता असू द्या.

तुमची,
सुनयना


पिंपळवाडी, जि. सातारा
१६ डिसेंबर २०२४

सौ. वन्सं यांस,
मीनाचा स. न. वि. वि.

बंडूनं मार्केटला भाजी उतरवून येताना वाकळ आणून दिली. प्लास्टिकच्या पिशवीत, वर रिबीन बांधलेली. मला आधी वाटलं धनेशचं लग्न ठरलं आणि आहेर आला. उघडली तर डोळे फिरले. काय सरळ टाके, वन्सं. शेजारची रखमा येऊन बघून गेली आणि केवढ्याला घेतली म्हणून विचारत होती.

पुढचं लिहू की नको करत आठ दिवस घालवले. तुमचे दादा म्हणाले, लिहू नकोस, तिला वाईट वाटेल. पण तुम्ही पुन्हा विचारणार, आणि मला खोटं जमत नाही.

तुमच्या आईंनी ती वाकळ घेतली नाही. नजर अधू झाली तरी हात अजून लख्ख आहे. मांडीवर घेऊन चाचपली, सगळीकडून बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "ही आपली न्हवं. पावण्यांची हाय. वर ठिव." मी परोपरीनं सांगितलं की तुमचीच आहे, सुनयनाताईंनी पुरी करून पाठवली. तर म्हणाल्या, माझी मला कळत न्हाई व्हय.

तुम्हाला एक ठाऊक नसेल, आणि मीही सांगितलं नाही, ही माझी चूक. अंगावर घेतली की त्या बोटानं टाका धरून पुढं पुढं जायच्या. जिथं टाका वाकडा गेलाय तिथं थांबायच्या. हितं रखमाची म्हैस सुटली. हितं लाईट गेली. एका जागी टाका पार तिरका गेला होता, त्यावर बोट ठेवून म्हणायच्या, हितं सुनयनाचं पत्र आलं. मला वाटायचं बडबडतात. पण दिवसभर ज्यांना काही आठवत नाही, त्यांना अंथरुणावर तेवढं आठवायचं आणि त्यातच झोप लागायची.

आता पातळ चादर घेऊन पडतात. दुसरी वाकळ घातली तर पायानं ढकलतात. थंडी मी म्हणते आहे, म्हणून मी स्वेटरवर स्वेटर चढवते आणि खोलीत शेगडी ठेवते. रोज दिवे लागले की विचारतात, माझी वाकळ कुठं घातलीस. आणि दारात जो येईल त्याला सांगतात की सुनंनं वाकळ इकली. गावात सध्या माझा भाव वधारला आहे. काल वाणीसुद्धा माझ्याकडे निरखून बघत होता.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही चांगलं व्हावं म्हणूनच केलंत. धनेशला आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
मीना


कोपरखैरणे, नवी मुंबई
२४ डिसेंबर २०२४

ती. सौ. मीनावहिनी यांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आईला वाचून दाखवू नका.

तुमचं पत्र आल्यापासून मी सुईला हात लावलेला नाही. ह्यांनी दोनदा विचारलं, बरं नाही का. मी डोकं दुखतंय म्हटलं. खरं सांगायची माझी छाती झाली नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

मी चांगलं व्हावं म्हणून केलं नाही, वहिनी. तुम्ही तसं लिहिलंत आणि मला अन्न गोड लागेना. मागच्या पत्रात मी लिहिलं की क्लबहाउसमध्ये रंगांचं कौतुक झालं. झालं ते खरंच. पण आधी काय झालं ते मी गाळलं होतं. मी टेबलावर वाकळ पसरली, तेव्हा एक बाई टाक्यांकडे बघून हसली आणि म्हणाली, हे कुणी केलंय, लहान मुलानं का? तिचा काही वाईट हेतू नव्हता. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या चौकोनांची तिथं वाहवा होते, मला हात चांगला आहे म्हणतात. आणि मी म्हटलं, "आमच्याकडे कामाला बाई येते ना, तिनं सुरू केली होती."

इतक्या सहज तोंडातून गेलं की मीच चपापले. माझी आई शिवते, तिला आता दिसत नाही, एवढं सांगायला काय जड होतं? कुणीही हसलं नसतं. उलट सोनल मायेची आहे, तिनं वाकळ कपाळाला लावली असती. पण मला त्या क्षणी आईची लाज वाटली. घरी आले आणि त्याच दुपारी उसवायला बसले. वाकळ दुरुस्त करायला नाही. तो वाकडा टाका पुन्हा कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. दोरे निघत होते आणि मला हलकं वाटत होतं, हेही लिहून टाकते. माझ्या पत्राचा तो तिरका टाका मीच ह्या हातानं काढला असणार. त्याचाही दोरा केराच्या डब्यात गेला.

काल धनेशची जुनी चादर घेऊन आईसारखं शिवता येतं का बघत होते. येत नाही. वाकडं जायचं ठरवलं तरी सगळे टाके एकसारखेच वाकडे पडतात.

आणि चोर तुम्ही ठरलात. जिनं तिचं सगळं केलं, न्हाऊ-माखू घातलं, तिच्यावर गावभर आळ, आणि मी इथं बाराव्या मजल्यावर कौतुक करून घेते. मला क्षमा करा म्हणायलाही तोंड नाही. आईला मात्र काहीतरी समजावून सांगा, माझ्या वतीनं तिची माफी मागा. तुम्ही सांगितलं तर तिला पटेल.

लोभ आहे असं ह्या वेळी मी कोणत्या तोंडानं लिहू? जो उरला असेल तो असू द्या.

तुमची,
सुनयना


पिंपळवाडी, जि. सातारा
४ जानेवारी २०२५

सौ. वन्सं यांस,
स. न. वि. वि.

पत्र वाचलं. आईंना दाखवलं नाही. मला राग आला, तो लपवत नाही. दोन दिवस तुमच्या दादांशीसुद्धा धड बोलले नाही, आणि त्या बिचाऱ्यांना कारणही कळेना.

मग राग उतरला, कारण माझंही एक आठवलं. बँकेतली बाई घरी आली होती तेव्हा मी आईंना आतल्या खोलीत बसवून कडी लावली होती, काहीबाही बोलतील म्हणून. थोडा वेळच. त्या आतून हाका मारत होत्या. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

पण वन्सं, तुमची माफी मी मागणार नाही. औषध देते, न्हाऊ घालते, चोर म्हणून घेते, पण हे काम माझं नव्हे. तुम्ही या. येताना तुमची वापरून मऊ झालेली सुती साडी आणा, नवी कोरी नको, आणि मोठ्या नेढ्याच्या सुया आणा. त्या तुम्हाला ओळखतील याची खात्री देत नाही. गेल्या आठवड्यात तुमच्या दादांनाही त्यांनी ‘तुम्ही कुठले’ म्हणून विचारलं. म्हणून उशीर करू नका.

रात्री चुलीवरचं गरम पाणी बाटलीत भरून पायाशी ठेवते. तेवढं चालवून घेतात. वाट बघते.

तुमचीच,
मीना


कोपरखैरणे, नवी मुंबई
२१ जानेवारी २०२५

ती. सौ. मीनावहिनी यांस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. बंडूनं टेम्पोत कोबीच्या पोत्यांशेजारी बसवून थेट मार्केटच्या गेटला उतरवलं. हे आणायला आले होते. त्यांना वाटेत सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या हातातली पिशवी तेवढी घेतली.

रखमाला आणि वाण्याला मी तुमच्या देखत सांगितलं की वाकळ माझ्यामुळे गेली, मीनावहिनींनी काही विकलं नाही, ते तुम्ही ऐकलंतच. तुम्ही मला मागून चिमटे काढत होता, पुरे म्हणून. पण ते माझं मला करायचं होतं. रखमा आता दुसऱ्या कुणाच्या मागे लागेल. क्लबहाउसमध्ये मात्र अजून गेलेले नाही. तिथं बोलायचं आहे आणि पाय उचलत नाहीत. बुधवारी जाईन.

तुम्ही दळण घेऊन गिरणीत गेलात तेव्हाचं तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुमच्यासमोर रडू आलं असतं, म्हणून लिहिते.

मी आत गेले तर आई म्हणाली, या, बसा. उठून तिनं ती वाकळ वरून ओढून काढली आणि मला बसायला घडी घालून अंथरली. पाहुण्यांची ना. मी खाली बसते म्हटलं तर ऐकेना, कोण कुठून आलं तरी जमिनीवर बसवत न्हाई आमी, म्हणाली. मग मी त्या सरळ टाक्यांवर बसले, आणि बसून सगळं सांगितलं. ती बाई हसली, मी काय बोलले, का बोलले, मग कसं उसवलं. आईला कामवाली म्हटलं हेही सांगितलं. शब्द मऊ केले नाहीत. ती मान डोलावत ऐकत होती. मध्ये एकदा चुकचुकली. मला वाटलं, ओळखलं.

मग तिनं माझा हात हातात घेतला आणि बोटांची टोकं चाचपली, सुईनं टोचून निबर झालेली. म्हणाली, "मला का सांगतीस बाय? तुझ्या आईला सांग जा. आई हाय न्हवं तुला?"

मी आहे म्हटलं.

"मग रडतीस कशाला? जा, सांग. आई काय खाती व्हय."

आणि मला उठवायला लागली. लांब जायचं असेल, अंधार व्हायच्या आत निघ, म्हणून दारापर्यंत पोचवायला आली. मी उंबऱ्यात उभी राहिले. तुम्ही दळण घेऊन आलात तेव्हा मी तिथं का उभी होते, ते हे.

दुसऱ्या दिवशी तिनं माझी निळी साडी पुढ्यात ओढून शिवायला घेतली, हे तुमच्यासमोरच झालं. एवढंच करा, रोज दुपारी सुईत दोरा ओवून द्या, आणि टाका कुठंही गेला तरी गप्प बसा. नवी वाकळ पुरी होईपर्यंत पायाशी गरम पाण्याची बाटली ठेवत जा. मी महिन्याच्या महिन्याला येईन. ती मला कोण समजेल ते समजू दे, मी पुन्हा सगळं सांगेन.

दादांना नमस्कार. आईला काही सांगू नका, फक्त पांघरूण नीट घाला. तुमच्या लोभाला मी उतरले नाही, तरी तो काढून घेऊ नका.

तुमची,
सुनयना