दादाच्या दारापर्यंत

मी, पूनमसिंग हरसिंग राठोड, वय ६८, धंदा सुतारकाम, राहणार मोहदरी तांडा, ता. उमरखेड, जि. यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहितो. डोके ठिकाणावर आहे. कोणाचा दाब नाही. घरात दुसरे माणूसच नाही, तेव्हा भरीस घालणारेही कोणी नाही.

१. टिनाचे दोन खोल्यांचे घर येथील ख्रिस्ती मंडळीला द्यावे. रविवारची उपासना मी याच घरात चालवतो. सात-आठ जण येतात, ते गेले की मी सतरंजी झटकतो आणि पुढच्या रविवारपर्यंत माझ्याशी फारसे कोणी बोलत नाही. खिडकी पावसात फुगते, ती कोणी तासू नये, उन्हाळ्यात आपोआप बसते.

२. रंधा, करवत व पटाश्या रवी पवार याला. त्याने माझी करवत नेली की बोथट करूनच आणली. तरी त्यालाच, कारण तांड्यात लाकडाला हात लावणारा तोच उरला आहे.

३. विहिरीसह दोन एकर शेत माझी मयत पत्नी जमनी हिच्या बहिणीची मुलगी रंजिता हिला. तिचा नवरा वारला असून ती दुसऱ्यांच्या शेतात मजुरीने जाते.

४. माझा थोरला भाऊ लखीराम याला काहीही दिलेले नाही. त्याचे कारण लिहिणे भाग आहे.

सन २००५ साली कापूस वेचताना जमनीला साप चावला. तांड्यात जीप एकच, दादाची. मी धावत गेलो. तो म्हणाला, "सवाऱ्या बसल्या हायेत. उमरखेडले सोडून येतो, मंग नेतो तिले." मी बैलगाडी जुंपली. डांबरी रस्ता लागण्याआधीच जमनी गेली.

तेव्हापासून मी त्याच्याशी बोललो नाही. मंडळीला मात्र क्षमा शिकवत आलो. प्रभूची प्रार्थना म्हणताना आपल्या अपराध्यांना क्षमा करण्याच्या ओळीशी मी ओठ मिटतो. मंडळी पुढे म्हणत जाते, मी नंतर मिसळतो. आजवर कोणाच्या लक्षात आले नाही.

गेल्या वर्षी दादाची उजवी बाजू लुळी पडली. बिजलीबाई वहिनी स्वतः आल्या. "भाऊजी, एकदा येऊन जा. ते तुमचंच नाव घेऊन राह्यले."

"येतो," म्हणालो. निघालोही. त्याच्या अंगणातली गंजलेली जीप दिसली आणि मीठ आणायला निघाल्यासारखा दुकानाकडे वळलो. असे अनेकदा झाले. काय करायला हवे हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. पाय जात नव्हते.

या कागदाच्या पहिल्या मसुद्यात शेत दादाच्या नावे होते. लिहून झाल्यावर फार बरे वाटले. मग त्याच बऱ्या वाटण्याची लाज वाटली. मेल्यावर शेत देणे सोपे, तेव्हा मला त्याच्या दारात उभे राहावे लागणार नाही. वकिलांनी सांगितले होते की, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. मी मसुदा फाडला, शेत रंजिताला लिहिले, आणि काल दादाकडे साक्ष मागायला गेलो.

तो खाटेवर होता. मी साक्षीचे सांगितले. "माह्यासाठी काय हाय ह्याच्यात?"

"काही नाही, दादा."

"मंग बरं," तो म्हणाला. "घेऊन ये उद्या." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "त्या दिवशी सवाऱ्या उतरवाले पायजे होत्या."

वहिनींनी चहा दिला, तो प्यालो.

५. मला जमनीशेजारी पुरावे.

६. हे कलम मी दादाच्या ओट्यावर बसून लिहीत आहे. गिरणीवाले संजय कदम दुसरे साक्षीदार म्हणून आले आहेत. मन साफ झाले असे लिहिणार नाही, ते खोटे होईल. रोज येईन असेही लिहीत नाही, माझा शब्द मला ठाऊक आहे. उद्या येईन, एवढेच लिहितो.

हे सर्व वाचून, दोघांसमक्ष सही केली.

पूनमसिंग हरसिंग राठोड

साक्षीदार :
१. लखीराम हरसिंग राठोड (उजवा हात चालत नसल्याने डावा अंगठा)
२. संजय उत्तमराव कदम (सही)

स्थळ : मोहदरी तांडा
दिनांक : ११ नोव्हेंबर २०२४