वारा फिरतो, होकायंत्र फिरत नाही

३ ऑक्टोबर, गुरुवार
निश्चय पक्का. परवा बाबांना बेन उलारच्या माथ्यावर न्यायचं. चाळीस वर्षं या डोंगराच्या अंगावर मेंढ्या राखल्या, पण माथा पाहिला नाही. का, तर म्हणे, "वर गवत नाही." घरातली पहिली पदवी माझी, तीही भूगोलाची. शिक्षणाचा उपयोग घरच्यांना नाही तर कोणाला?
शिवाय अकरा तारखेला गावच्या हॉलमध्ये माझं भाषण आहे, 'ढगातही वाट चुकू नये म्हणून'. ताजा अनुभव हाताशी असेल.
आई म्हणाली, वसंतात बाबांना न्यूमोनिया झाला होता, विसरलीस का? विसरले नाही. म्हणून तर ताशी दोनच किलोमीटर धरले आहेत.

४ ऑक्टोबर, शुक्रवार
जाण्यायेण्याची वाट, वेळा आणि जॅकेटांचे रंग कागदावर लिहून आईकडे दिले. साडेचारला परत. साडेपाचपर्यंत आलो नाही तर बचाव पथकाला फोन. आईने विचारलं, पूर्वी बाबा नुसतं "जातो" म्हणायचे आणि यायचे, ते कसं? तिला समजावलं की ते नशीब होतं, ही पद्धत आहे.
ऊना टपाल घेऊन आली. टपाल वाटते आणि पथकाची प्रमुखही तीच. म्हणाली, उद्या ढग खाली बसणार, दुसरा दिवस बघ. मी म्हटलं, ढग हा अडथळा नाही, अभ्यासाचा विषय आहे. त्यावर ती म्हणाली, "बरं बाई, मी बुटांना ग्रीस लावून ठेवते."
होकायंत्र आणि मोबाइल जॅकेटच्या एकाच खिशात ठेवले. होकायंत्र बाबांनी पदवीच्या दिवशी दिलेलं. मोबाइलचं झाकण चुंबकाचं, टक्कन मिटतं. पावसात सोयीचं.

५ ऑक्टोबर, शनिवार
सकाळी ८.१०. निघालो. डोंगर घराच्या थेट उत्तरेला, स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज दिसतो. आज दिसत नाही. दिसण्यावर अवलंबून राहणं अशास्त्रीय आहे.

१०.४०. वरच्या कुंपणाशी. इथून पुढे ढग. बाबा तीनदा थांबले. खोकला नाही, देखावा बघतोय म्हणाले. देखावा नव्हता.

१२.५०. माथा! दगडांच्या ढिगावर बाबांनी एक दगड ठेवला. दहा पावलांपलीकडे काही दिसत नाही. वारा चुकवायला ढिगाभोवती दोनदा जागा बदलून सँडविच खाल्लं. कसं वाटलं म्हणून विचारलं. "सांगितलं होतं ना, गवत नाही."

१.१५. उतरायला सुरुवात. होकायंत्र काढलं, दक्षिण धरली. बाबा म्हणाले, "मरसाली, चढताना वारा डाव्या गालावर होता. आताही डाव्याच गालावर आहे." त्यांना शांतपणे सांगितलं, वारा फिरतो, होकायंत्र फिरत नाही. हे वाक्य भाषणात घ्यायचं.
बाबा म्हणाले, "बरं, प्राध्यापकबाई."

१.४०. ओढा दिसायला हवा होता. बहुधा नकाशा जुना.

१.५५. मेंढीची लेंडी नाही, पाऊलवाट नाही. चढताना ओढा सतत ऐकू येत होता, आता काहीच नाही. ढगात आवाज दबतो. बाबांचा श्वास मात्र स्पष्ट ऐकू येतो.

२.०५. उतार एकदम वाढला. माझ्या बुटाखालचा दगड निसटला. पडल्याचा आवाज आला नाही. आम्ही दोघं थांबलो. मग आला, फार खालून.

६ ऑक्टोबर, रविवार
काल पुढचं लिहिता आलं नाही. हात ओले होते.
दगडाचा आवाज आल्यावर बाबांनी मागून माझ्या पिशवीचा पट्टा धरला. मी बहुतेक आणखी एक पाऊल टाकलं असतं, निरीक्षणासाठी. ढग क्षणभर फाटला. माझ्या बुटापुढे जमीन नव्हती. बाबांची टोपी उडाली आणि तिकडे गेली.
ते एवढंच म्हणाले, "आता वारा उजव्या गालावर घ्यायचा. आणि माझ्या मागे."
त्यांनी पट्टा कुंपणापर्यंत सोडला नाही. पुढे ते आणि पट्टा त्यांच्या हातात, त्यामुळे मला आडवं चालावं लागलं. दर वीस पावलांनी ते थांबत. या वेळी देखाव्याचं नाव घेतलं नाही. कुंपणाशी पोचलो तेव्हा सव्वासहा झाले होते आणि खालून दिवे वर येत होते. सगळ्यांत पुढे ऊना. बूट चकचकीत. तिने बाबांना घोंगडीत गुंडाळलं आणि त्यांनी नको नको म्हटलं तरी स्ट्रेचरवर घातलं.
माझी पद्धत यशस्वी झाली असं म्हणता येईल. आईने फोन बरोब्बर साडेपाचला केला.

दुपारी. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. बाबांच्या छातीत पुन्हा घरघर आहे. पंधरा दिवस अंथरूण. सकाळी ताप एकशे दोन.
होकायंत्र स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. आज आभाळ मोकळं, डोंगर समोर. उत्तर दाखवायच्या लाल टोकाने घरामागचं कोंबड्यांचं खुराडं दाखवलं. टेबल सरकवलं, आईची पातेली बाहेर नेऊन ठेवली. तरी खुराडंच. आईने माझा मोबाइल उचलला, झाकण टक्कन मिटवलं, उघडलं, पुन्हा मिटवलं. "हे दिवसभर त्याच्याशेजारी होतं ना?" म्हणाली.
मी पातेली आत आणली.

संध्याकाळी. बाबांना विचारलं, आपण उलटे चाललोय हे कधी कळलं? "दुसऱ्या पावलाला." मग आलात कशाला? ते बराच वेळ खोकले. "तू ऐकेनास. तुला एकटीला कशी सोडू?"

७ ऑक्टोबर, सोमवार
ताप उतरला नाही. हॉलच्या फलकावरचं माझं नाव खोडलं. शुक्रवारी ऊना बोलेल. मी खुर्च्या मांडीन.
बाबांना नवी टोपी आणायला दुकानात गेले. दुकानदाराने माप विचारलं. मला माहीत नव्हतं. तशीच परत आले.