ज्याच्या नावावर घर

९ नोव्हेंबर, रविवार

सौंसरात आपलं घर झालं! सकाळी आईने उंबरठ्यावर हळदकुंकू वाहिलं, दूध उतू घातलं आणि आम्ही दोघी आत आलो. नऊ वर्षं पांढुर्ण्याला भाड्याच्या खोल्यांत काढली. मी शिकवते ती शाळा रामाकोन्याला, आता जाणं-येणं सोपं.

मागून पस्तावा नको म्हणून मी यादीच केली होती. नळ किती वाजता येतो, भिंतीला ओल आहे का, स्लॅब गळतो का, कागद साफ आहेत का, शेजार कसा आहे. तीनदा येऊन पाहिलं. जुने मालक बापूजी एकटे राहायचे. बाहेर जाणं जमत नाही म्हणाले, म्हणून शुक्रवारी रजिस्ट्री ऑनलाइन, मोबाइलसमोर बसूनच झाली, ते इथून, मी शाळेतून. कागदांचं सगळं रजिस्ट्रीची कामं करणाऱ्या गौरवने केलं. समोरच्या कलाबाई सांगत होत्या, रजिस्ट्री होताच म्हातारा अनवाणीच बस स्टँडकडे निघाला. आई हसून म्हणाली, घर विकून जवान झाला वाटते.

मागच्या अंगणात पेरूचं झाड आहे. उद्या डब्यात पेरू नेईन.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज शाळेत जाणं झालं नाही. हेल्मेट घातलं, स्कूटी फाटकाबाहेर काढली, आणि मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी होते. काही विसरलं म्हणून परत आले असेन, असं वाटलं. पुन्हा निघाले. पुन्हा ओटा. तिसऱ्यांदाही तेच. स्कूटी मात्र बाहेर गल्लीत आडवी पडलेली.

आई म्हणे, सामान लावून लावून थकली तू, चक्कर आली असंन. मुख्याध्यापकांना फोन करून सुटी घेतली.

११ नोव्हेंबर

चक्कर नाही. आईचा हात घट्ट धरून फाटक ओलांडलं. आई गल्लीत एकटीच उरली, मूठ तशीच वळलेली. मी ओट्यापाशी. आई तिथूनच ओरडली, तृप्ती, कुठी गेली वं?

मागच्या भिंतीवरून उडी मारली. जमिनीला पाय लागले ते स्वयंपाकघरातल्या फरशीवर.

आई मात्र खुशाल बाजारात जाऊन येते. भाजी आणते.

१३ नोव्हेंबर

बापूजींना फोन लावला. ते नागपूरला मुलीकडे आहेत. माझा आवाज ऐकून रडले. अकरा वर्षं या घरात अडकून होते म्हणाले. बायको दवाखान्यात वारली तेव्हा फाटकाच्या आत उभं राहून बातमी ऐकली. ज्याच्या नावावर घर, त्याला ते सोडत नाही. नाव बदललं की सुटका. मला माफ कर पोरी, गिऱ्हाईक बघ, एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

यादीत मी सगळं लिहिलं होतं. का विकता, हे विचारलंच नव्हतं.

१८ नोव्हेंबर

अंकुर आणि उर्वशी घर पाहायला आले. मोहगावची माणसं, नवीन लग्न. उर्वशीला सातवा महिना. तिला हवा आवडली, पेरू आवडला. बाळाचा पाळणा कुठे टांगायचा, ते तिने मला दाखवलं.

मी म्हटलं, घर विकायचं नाही. जा तुम्ही. ती नाराज होऊन गेली.

आई म्हणाली, आलेलं गिऱ्हाईक कायले परत लावलं वं?

२० नोव्हेंबर

आई म्हणते, माझ्या नावावर कर. तुले शाळा आहे, तुयं आयुष्य पडलं आहे. मले आता कुठी जायाचं आहे? देवघर आहे, अंगण आहे, कलाबाई येऊन बसते.

मी नाही म्हटलं.

२४ नोव्हेंबर

तिने परस्पर गौरवला बोलावलं. दानपत्र. त्याने मोबाइल समोर धरला. पलीकडून रजिस्ट्री ऑफिसच्या माणसाने विचारलं, स्वखुशीने देता का?

मला नाही म्हणता आलं असतं.

मी हो म्हटलं.

२५ नोव्हेंबर

शाळेत गेले. रस्ताभर रडले — आनंदाने. हे लिहायलाही लाज वाटते.

आई फाटकाच्या आत उभी राहून हात हलवत होती.

१ डिसेंबर

आईच्या छातीत कळ. सकाळी नऊला. डॉक्टर घरी आले, म्हणाले, इथं काही होणार नाही, लगेच नागपूरला हलवा.

गाडी फाटकाशी. दोघांनी स्ट्रेचर उचललं —

स्ट्रेचर बाहेर रिकामं आलं. आई ओट्याखाली, फरशीवर.

पुन्हा. पुन्हा रिकामं. ती माणसं पळाली. डॉक्टरही —

साडेदहा

गौरव आला. कागद करून राहिला. घर परत माझ्या नावावर. लवकर कर म्हटलं. नुसतं बसवत नाही, म्हणून लिहून राहिले. कलाबाई पाय चोळून राहिल्या. आईचे ओठ निळे —

तयार झालं. गौरव म्हणतो, आता आईंनी स्वतः बोलायला पाहिजे. त्याशिवाय होत नाही.

मोबाइल तिच्या तोंडाशी धरला आहे. पलीकडचा माणूस विचारून राहिला, स्वखुशीने देता का?

आईने डोळे उघडले. माझ्याकडे पाहते. सगळं समजते तिला.

आई, बोल.

ती मान हलवते — नाही — नाही म्हणते — आई, तू —